अनुदान, निधी, तरतूद : ऊर्जा संशोधनाच्या पैशाला काय म्हणावे?

प्रश्न असा आहे : ‘सौर पॅनेलवर अनुदान’ आणि ‘ऊर्जा संशोधनाला अनुदान’ यांतला ‘अनुदान’ एकाच अर्थाचा आहे का? आणि त्याऐवजी निधी, तरतूद हे शब्द चालतील का?

अर्थ एक नाही. ‘सबसिडी’ आणि ‘ग्रँट’ या दोन्हींसाठी मराठीत ‘अनुदान’च रुळले आहे. पॅनेलवरचे अनुदान म्हणजे तयार वस्तूच्या किमतीतला सरकारने उचललेला वाटा : पॅनेल बसले, तपासणी झाली, रक्कम खात्यात आली, विषय संपला. संशोधनाच्या अनुदानात खरे काम पैसे आल्यावर सुरू होते. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) द्यावे लागते, अनुदानाच्या रकमेवर मिळालेले व्याज सरकारजमा करावे लागते आणि त्या पैशातून घेतलेले उपकरण परवानगीवाचून विकता येत नाही.

भाषेने हा फरक एका जागी नीट जपला आहे. सबसिडी असते तेव्हा आपण ‘वर’ लावतो : खतावर, गॅसवर, पंपावर अनुदान. ग्रँट असते तेव्हा ‘ला’ किंवा ‘साठी’ : शाळेला, प्रयोगशाळेला, प्रकल्पासाठी अनुदान. म्हणून ‘हायड्रोजनवर अनुदान’ वाचले की वाचक किंमत कमी होणार असे समजतो, आणि बातमी संशोधनाची असेल तर ते चूक ठरते.

‘निधी’ म्हणजे पैशाचा साठा. तो कोणत्या अटींवर बाहेर पडणार, हे त्या शब्दातून कळत नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली संशोधन, विकास व नवोन्मेष योजना १ लाख कोटी रुपयांची आहे आणि ऊर्जा हे तिच्या क्षेत्रांपैकी एक. पण त्या योजनेतून ग्रँट दिली जात नाही. मिळते ते कमी किंवा शून्य व्याजाचे दीर्घ मुदतीचे कर्ज, किंवा भागभांडवल. इथे ‘१ लाख कोटींचा निधी’ बरोबर, ‘१ लाख कोटींचे अनुदान’ साफ चूक. कर्ज फेडायचे असते, एवढा फरक बातमीत दिसायलाच हवा.

‘तरतूद’बद्दल जास्त काळजी घ्यावी. तरतूद त्या-त्या वर्षाच्या अर्थसंकल्पात होते. अनेक वर्षांच्या एकूण आकड्याला ‘तरतूद’ न म्हणता ‘नियोजित खर्च’ म्हणावे. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनचा १९,७४४ कोटींचा आकडा हा असा, २०२९-३० पर्यंतचा. त्याची फोड पाहा : १७,४९० कोटी इलेक्ट्रोलायझरच्या (विजेने पाण्यातून हायड्रोजन वेगळा करणाऱ्या यंत्राच्या) आणि हायड्रोजनच्या उत्पादनासाठी, १,४६६ कोटी पथदर्शी प्रकल्पांना, ४०० कोटी संशोधन व विकासाला, ३८८ कोटी इतर घटकांना. म्हणजे ‘हायड्रोजन संशोधनासाठी यंदा १९,७४४ कोटींची तरतूद’ या एका वाक्यात दोन चुका होतात. वर्ष चुकले, आणि संशोधनाचा वाटा जेमतेम २ टक्के असताना सगळी रक्कम संशोधनाच्या नावावर गेली. त्या १७,४९० कोटींना तर अनुदानही म्हणू नये, ‘प्रोत्साहन रक्कम’ म्हणावे, कारण हायड्रोजन उत्पादनासाठीची रक्कम किलोमागे ठरते : पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५० रुपये, मग ४०, मग ३०.

क्रियापदेही जपून निवडावीत. तरतूद होते, निधी मंजूर होतो, वितरित होतो, वर्ग होतो, खर्ची पडतो. ३१ मार्चपर्यंत खर्च न झालेला अर्थसंकल्पीय पैसा व्यपगत होतो, म्हणजे तो वापरण्याची मुभा संपते. ‘मंजूर’ला ‘मिळाला’ लिहिणे ही रोजची चूक आहे. या दोन टप्प्यांत कित्येक महिने जाऊ शकतात, आणि दरम्यान संशोधक विद्यार्थ्यांची छात्रवृत्ती अडलेली असते.

जाता जाता : लिहिताना ‘अर्थसाहाय्य’ लिहावे, ‘अर्थसहाय्य’ नाही. ग्रँट, कर्ज, प्रोत्साहन यांपैकी नक्की काय ते बातमीत स्पष्ट नसेल, तर हाच शब्द सर्वांत सुरक्षित.