स्वस्त इलेक्ट्रिक सायकलला १००० वॅटची मोटर आणि ४८ व्होल्टची बॅटरी बसवावी का?

तुमच्या प्रश्नाचं शेवटचं वाक्य वाचलं आणि दुकान बंद करायचं सोडून लिहायला बसलो. तुम्ही म्हणता, सायकल ३६ व्होल्ट २५० वॅटची आहे, चढाला दम सोडते, १००० वॅटचं किट घ्यायचं मनात आहे, आणि किट विकणारा सांगतो, "मागचा नट नीट आवळला की काही होत नाही." हे नटाचं वाक्य मी आमच्या घरात नोव्हेंबर २०२१ पासून ऐकतोय. ते चूक आहे. का चूक आहे ते सांगतो, मग मोटरकडे येतो.

साताऱ्यात माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. विहिरीवरच्या मोटरी, गिरणीच्या मोटरी, मिक्सर, सगळं येतं. बायको शिक्षिका. तिची शाळा यवतेश्वरच्या पुढे, कासच्या रस्त्याला. एसटीने जायची. त्या वर्षी शाळा नुकत्या उघडल्या होत्या आणि एसटीचा संप सुरू झाला. वडापवाले मागतील ते घेत होते, पेट्रोल शंभरीच्या वर गेलेलं, आणि तिला स्कूटर येत नाही, सायकल येते. म्हणून २७ हजारांची इलेक्ट्रिक सायकल घेतली. मागच्या चाकात २५० वॅटची गिअरवाली हब मोटर (चाकाच्या मध्यातच बसवलेली), ३६ व्होल्ट ७.८ अँपिअर-तासांची बॅटरी.

गावात झकास चालली. समर्थ मंदिर सोडून घाट लागला की निम्म्यात बंद पडायची. पाच मिनिटं थांबलं की परत सुरू, परत बंद. साडीचा पदर खोचून ती ते २२-२३ किलोचं धूड ढकलत वर न्यायची आणि शाळेत घामाघूम पोचायची. ज्या रस्त्यावर सातारा हिल मॅरेथॉनवाले धावतात तोच हा चढ, धडधाकट माणसाची परीक्षा घेणारा.

आता माझी चूक. त्या आठवड्यात मी मल्टिमीटर सायकलच्या हँडलला रबराने बांधला, कंट्रोलरला (बॅटरीतून मोटरला किती करंट जाईल ते ठरवणारा डबा) जिथून बॅटरी येते तिथे दोन वायरी काढल्या आणि स्वतः घाटात गेलो. उभ्या सायकलला ३९.२ व्होल्ट. चढाला थ्रॉटल पूर्ण दिला की आकडा घसरत घसरत ३१ वर यायचा आणि कंट्रोलर बंद. थांबलं की पुन्हा ३९. म्हणजे मोटर बिचारी ठीक होती, बॅटरीला तेवढा करंट देता येत नव्हता. ११-१२ अँपिअर ओढले तर चांगला पॅक, म्हणजे सेल जोडून केलेली बॅटरी, दोन-अडीच व्होल्ट पडतो, हा आठ पडत होता. स्वस्त सायकलीत सेल कसले घालतात ते पॅक उघडल्याशिवाय कळत नाही आणि उघडून कोणी दाखवत नाही.

हे मला दिसलं होतं. त्याच रविवारी थोरला भाऊ पुण्याहून आला, सायकलवर एक चक्कर मारली आणि म्हणाला, "मोटरच मेली आहे रे हिची. १००० वॅट टाकू, ४८ व्होल्ट करू, घाट उडत जाईल." दादापुढे आमच्याकडे कोणी बोलत नाही. वडील गेल्यावर दुकानाचं कर्ज त्याने फेडलंय. मी मीटरचे आकडे खिशातल्या चिठ्ठीवर लिहून ठेवले होते आणि ती चिठ्ठी खिशातच राहिली.

किट आलं. गिअर नसलेली, थेट चालणारी मोठी हब मोटर, नुसती मोटरच सहा-सात किलोची. सोबत २६ अँपिअरचा कंट्रोलर आणि १३ सेलच्या माळेचा ४८ व्होल्टचा पॅक. दोघांनी एका दुपारी बसवलं. एक्सल, म्हणजे चाकाचा आस, १२ मिलिमीटरचा, दोन्ही बाजूंनी तासून १० मिलिमीटर केलेला, म्हणजे सायकलच्या खाचेत सपाट बाजू अडकून बसावी. दोन्ही नट मी आवळले. मी. त्याच पान्याने, तेवढ्याच जोराने. हातात पाना धरून ३० वर्षं झाली मला.

पहिले आठ दिवस बायको खूश होती, हे कबूल. पूर्वी एसटीला लागायचा तेवढाच वेळ. दादाला व्हिडिओ पाठवले. नवव्या दिवशी घाटातल्या वळणावर मागून टेम्पो आला म्हणून तिने थ्रॉटल जोरात पिळला. एक्सल खाचेत गरकन फिरला. एक्सलच्या पोटातून निघणारी वायर दोरीसारखी पिळवटली, आतल्या पिवळ्या, हिरव्या, निळ्या तिन्ही वायरींची सालं निघाली आणि त्या एकमेकींना चिकटल्या. अशा मोटरीच्या या तीन फेज वायरी जुळल्या की मोटर फिरायची राहत नाही, स्वतःच ब्रेक होऊन बसते. चाकाने हिसका दिला, ती उजव्या अंगावर पडली. टेम्पोवाल्याने वेळेत ब्रेक मारला. कोपर सोललं, मनगटाला तीन आठवडे पट्टा. चढावर वेग कमी होता म्हणून एवढ्यावर भागलं. संध्याकाळी तिने मला एकच विचारलं, "अहो, तुम्ही तो मीटर लावून गेला होता ना, मग त्याचं काय झालं?"

दादाला फोन केला. तो म्हणाला, "नट ढिला ठेवला असशील."

तेव्हापासून दिवाळीला, बारशाला, तेराव्यालाही हेच. म्हणून तुमचा प्रश्न मला लागला.

आता नटाचं ऐका. ४० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, देणारी मोटर जेवढ्या जोराने चाक पुढे ढकलते तेवढ्याच जोराने एक्सल मागे फिरवते. तो जोर अडवायला आहे काय, तर एक्सलच्या सपाट बाजू आणि मागच्या चिमट्याच्या (फ्रेमचा चाक धरणारा भाग) खाचेचे दोन ओठ. बारा मिलिमीटरच्या एक्सलवर हिशोब केला तर प्रत्येक ओठावर ३०० किलोहून जास्त भार येतो, आणि स्वस्त सायकलीचा तो पत्रा साध्या चाकासाठी केलेला असतो. दर थ्रॉटलला एक्सल केसभर हलतो, ओठ केसभर फाकतो. नट घर्षणाने थोडं धरतो. पण एक्सल फिरायला लागला की तोच नटाला सोडवतो.

पुरावा माझ्याकडे आहे. एक्सल मागे फिरतो तेव्हा आटे असे आहेत की डावा नट सुटतो आणि उजवा आणखी आवळतो. त्या दिवशी डावा बोटाने फिरत होता. उजवा काढायला मला पान्याला हातभर पाइप लावावा लागला. मी ढिला ठेवला असता तर दोन्ही ढिले मिळाले असते. दादाने फक्त डावा बघितला. पुढे वेल्डरकडे नवी खाच लावून घेतली तेव्हा जुना तुकडा कापून घेतला. तो दुकानाच्या ड्रॉवरमध्ये आहे. व्हर्नियर लावला तर १० ची खाच तोंडाला १३ भरते आणि ओठाच्या कडेवर एक्सलने घासलेली चकचकीत कोर दिसते. बघायची असेल तर कोणीही यावं, चहा पाजीन.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: १००० वॅट लावू नका. माझ्या मते स्वस्त सायकलीत मोटर हा बदलायचा शेवटचा भाग आहे, आणि बहुतेक वेळा ती बदलावीच लागत नाही.

हिशोब करून बघा. बायको, सायकल, दप्तर, डबा मिळून ९० किलो धरा, चढ शंभराला सहा. ताशी १५ किलोमीटरने चढायला चाकावर २८० वॅटच्या आसपास लागतात, त्यातले ६०-७० वॅट पायाने पेडल मारून सहज मिळतात. उरलेलं २५० वॅटची मोटर देते. ताशी २५ ने चढायचं म्हटलं की ५०० च्या वर जातं. म्हणजे जास्तीची पॉवर घाटासाठी नव्हतीच, घाईसाठी होती. पाच किलोमीटरच्या चढात या घाईने आठ मिनिटं वाचतात. आठ मिनिटांसाठी मी तिला पाडलं.

शिवाय थेट चालणारी मोटर हळू फिरली की विजेचं काम कमी आणि उष्णता जास्त करते. वाइंडिंगचं वार्निश जळाल्याचा वास मला रोज येतो, मला तो सांगायला नको. चढाला गिअरवाली छोटी मोटर बरी, कारण आतला रोटर जोरात फिरतो आणि चाक हळू. फक्त तिच्यात नायलॉनचे दातेरी गिअर असतात, ते झिजतात, वर्षा-दोन वर्षांनी उघडून ग्रीस भरावं लागतं.

आम्ही पुढे काय केलं? माळ्यावर ठेवलेली जुनी २५० वॅटची मोटर खाली काढली. उघडली, गिअर बदलले, ग्रीस भरलं. ३६ व्होल्टच कायम ठेवलं, पण पॅक नवा घेतला. १० सेलची माळ, प्रत्येक ठिकाणी चार सेल, १०.४ अँपिअर-तास, २० अँपिअरचा बीएमएस, म्हणजे करंट जास्त झाला की पॅक तोडणारं संरक्षक सर्किट. १४ हजार रुपये गेले, आणि खर्चातली खरी मोठी रक्कम तेवढीच. कंट्रोलर १५ अँपिअरचा. बीएमएस कंट्रोलरपेक्षा मोठा हवा, नाहीतर ऐन चढात तो तोडतो. काही लोक तोडू नये म्हणून बीएमएस बगल देऊन जोडतात, किंवा कंट्रोलरमधल्या शंटवर (करंट मोजणारी तार) सोल्डर चढवून जास्त करंट ओढतात. माझ्या दुकानात असं काम मागायला येतात, मी परत पाठवतो. पॅक पेटला तर तो पाण्याने सहज विझत नाही, आणि आपण तो रात्री घरात चार्जिंगला लावतो.

पुढची पेडलची चकती लहान केली, ४४ दात्यांची काढून ३४ ची, म्हणजे पायाचाही जोर लागू झाला. त्याचे हजारसुद्धा लागले नाहीत आणि फरक मोटर बदलल्याएवढा पडला. आणि मागे दोन्ही बाजूंना एक्सल फिरू न देणारे टॉर्क आर्म, ६ मिलिमीटरच्या लोखंडी पट्टीचे. वडिलांची जुनी बारीक कानस घेऊन त्यातली खाच मी दोन संध्याकाळ घासत बसलो, एक्सल हाताने ढकलून जेमतेम आत जाईल आणि जराही खडखडणार नाही इतकी. २५० वॅटला त्याची सक्ती नाही असं म्हणतात. मी लावलेत.

आता ती घाट १३-१४ च्या वेगाने चढते, न थांबता. एसटीचा संप एप्रिल २०२२ मध्ये मिटला, पण ती अजून सायकलनेच जाते.

कायद्याचंही बघून ठेवा. मोटरची ३० मिनिटांची पॉवर पाव किलोवॅटहून कमी, वेग ताशी २५ किलोमीटरहून कमी, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, एवढं असेल तरच नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. तुम्ही १००० वॅट लावलेत की ते मोटार वाहन झालं, आणि सायकलीची तशी नोंदणी कोणी करून देणार नाही. पोलीस पकडतील की नाही हा मुद्दा लहान आहे. कोणाला धडक बसली तर विमा नसलेलं वाहन तुमच्या नावावर असेल, हा मोठा. २०२२ मध्ये राज्यात आरटीओने अशा फेरफार केलेल्या ई-बाइक तपासायची मोहीमही काढली होती.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. तुमच्याकडे सपाट रस्ता असेल आणि रोज ३० किलोमीटरच्या वर जायचं असेल तर नुसती मोठी बॅटरी बस्स झाली. उतारावर थेट चालणारी मोटर ब्रेकला मदत करते, हा तिचा गुण खरा. घाट उतरताना स्वस्त सायकलीचे रबरी ब्रेक रिम तापवतात, म्हणून पॅक घेण्याआधी ब्रेक बदला. ४८ चा पॅक घेतलातच तर ३६ चा जुना चार्जर आणि ४८ चा नवा एकाच खुंटीला टांगू नका. एकाचे ४२ व्होल्ट, दुसऱ्याचे ५४.६, आणि पिना बऱ्याचदा सारख्याच असतात.

आणि आधी सायकलच्या मागच्या चिमट्याला चुंबक लावून बघा. चिकटला तर लोखंड, ते फाकताना निदान दिसतं. नाही चिकटला तर अॅल्युमिनियम, त्याचा न सांगता तुकडा पडतो. मग मल्टिमीटर हँडलला बांधून चढावर जा. उभ्याचा आकडा आणि पूर्ण थ्रॉटलचा आकडा, दोन्ही कागदावर लिहा आणि इथे खाली कळवा. आहे तो पॅक पुरे की नवा हवा ते त्यावरून सांगतो.