ज्यूदोच्या क्लासला महिना होत आला, तरी नुसतं पडायलाच शिकवतात. फेकायला कधी शिकवणार?

महिना वाया गेलेला नाही. ज्यूदोत समोरचा तुम्हाला फेकणार हे ठरलेलंच असतं, म्हणून उकेमी, म्हणजे पडण्याची पद्धत, आधी अंगात मुरावी लागते.

मागे पडताना हनुवटी छातीकडे ओढा आणि नजर स्वतःच्या बेल्टच्या गाठीवर ठेवा. डोकं मॅटला लागता कामा नये, बाकी सगळं नंतर. पाठ गोल, श्वास सोडत पडायचं, आणि पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात कोपरापासून तळव्यापर्यंत एकदम आपटायचे. हात अंगापासून साधारण ३० ते ४५ अंशांवर हवेत. खांद्याच्या रेषेत गेले की झटका थेट खांद्यात जातो. सर्वांत वाईट सवय म्हणजे मागे हात टेकून सावरायला बघणं. सगळं वजन एका हातावर येतं आणि मनगट, कोपर नाहीतर कॉलरबोन मोडतं.

क्रम असा: झोपून, बसून, उकिडवं, मग उभं राहून. ओसोतो-गारीसारखा सरळ मागे पाडणारा डाव उभ्याने पडणं पक्कं झाल्याशिवाय अंगावर घेऊच नका. नवख्यांच्या डोक्याला मार बसतो तो बऱ्याचदा यातच.

फेकणाऱ्याचा हातही बघा. तो तुमची बाही शेवटपर्यंत वर खेचून धरतो, म्हणून डोकं वाचतं. १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान ही ज्यूदोची पहिली शाळा सुरू करणाऱ्या जिगोरो कानोंचं 'जिता क्योएइ', म्हणजे दोघांचंही भलं, हे तत्त्व मला त्या धरलेल्या बाहीतच दिसतं. बाही मध्येच सोडणारा जोडीदार असेल, तर सरांना सांगून बदलून घ्या.