चाळीस हंगाम, एकही राष्ट्रीय विजेतेपद नाही. तरी फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचे चाहते बेसबॉल संघाच्या माइक मार्टिनना थोर कोच कसे म्हणतात?

तुम्ही लिहिलंय की तुमचा भाचा टॅलाहासीला, म्हणजे याच विद्यापीठाच्या गावी, शिकतोय, त्याचे रूममेट बेसबॉलच्या या जुन्या कोचवरून अजून भांडतात, आणि त्याला कळत नाही की कोणाची बाजू घ्यावी. मी त्याच गावात शिकायला होतो. मार्टिनांच्या शेवटच्या काही हंगामांत संघाच्या डिक हाउझर स्टेडियममध्ये बसून हा वाद पुष्कळ ऐकलाय, त्यात तोंडही घातलंय. माझं मत आधीच सांगून टाकतो. टीका करणाऱ्यांकडे एक भक्कम मुद्दा आहे, पण ते तो मांडतच नाहीत. ते दुसराच, लंगडा मुद्दा घेऊन भांडतात.

आधी आकडे, कारण भाच्याच्या मित्रांना ते पाठ असणार. मार्टिन १९८० ते २०१९ असे चाळीस हंगाम मुख्य कोच होते. २,०२९ विजय, ७३६ पराभव, ४ बरोबरी. चाळीसपैकी प्रत्येक हंगामात संघाने चाळीस किंवा जास्त सामने जिंकले आणि प्रत्येक हंगामात राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळवली. मे २०१८ मध्ये त्यांनी टेक्ससचे माजी कोच ऑगी गारिडो यांचा १,९७५ विजयांचा विक्रम मागे टाकला. सतरा वेळा संघ ओमाहाला, म्हणजे शेवटच्या आठ संघांच्या कॉलेज वर्ल्ड सिरीजला पोचला. सतराही वेळा रिकाम्या हाताने परतला. दोनदा अंतिम सामन्यापर्यंत मजल गेली: १९८६ मध्ये ॲरिझोनाकडून १०-२ अशी धुलाई झाली आणि १९९९ मध्ये मायामीकडून ६-५ अशी हार.

'सतरा वेळा जाऊन शून्य' हा तो लंगडा मुद्दा. ऐकायला फार जोरदार वाटतो, म्हणूनच तो सगळ्यांच्या तोंडी आहे.

जरा हिशोब करू. ओमाहाला पोचलेले आठही संघ तुल्यबळ आहेत असं धरलं, तर एका खेपेला विजेतेपद हुकण्याची शक्यता आठात सात. हे सतरा वेळा सलग घडण्याची शक्यता निघते साधारण दहा टक्के. म्हणजे कोचने काहीही चूक न करताही दहातल्या एकाच्या वाट्याला हे नशीब येऊ शकतं. दहा टक्के म्हणजे अगदीच दुर्मीळ नाही. पण मार्टिनांचे भक्त जसं 'निव्वळ दैव' म्हणून हात झटकतात, तेवढं सोपंही नाही. सरासरीने दोन विजेतेपदं यायला हवी होती, आली शून्य. या आकड्यावरून कोणाला फासावर चढवता येत नाही आणि कोणाला निर्दोषही सोडता येत नाही. मी स्टँडमध्ये हा हिशोब एकदा मांडला होता. दोन्ही बाजू माझ्यावर चिडल्या.

ओमाहात नशिबाला एवढी जागा का, हे क्रिकेटवाल्या माणसाला पिचरवरून, म्हणजे बेसबॉलच्या गोलंदाजावरून, पटकन कळेल. समजा असा दंडक असता की बुमराहने शुक्रवारी गोलंदाजी केली की पुढच्या शुक्रवारपर्यंत त्याच्या हाती चेंडू द्यायचा नाही, आणि रविवारी उपांत्य सामना आहे. कॉलेज बेसबॉल वर्षभर असंच चालतं. हंगामाच्या साधारण ५६ सामन्यांत शुक्रवारचा, शनिवारचा आणि रविवारचा पिचर ठरलेला असतो. राष्ट्रीय स्पर्धेत मात्र तीन-चार दिवसांत चार-पाच सामनेही पडू शकतात, आणि दोन सामने हरलात की घरी. तिथे तुमचा सर्वोत्तम पिचर किती चांगला आहे यापेक्षा तुमचा चौथा पिचर किती वाईट आहे यावर बरंच काही ठरतं. त्यातून १९८८ ते २००२ अंतिम फेरी एकाच सामन्याची होती. २००३ पासून ती तीनपैकी दोनची झाली. १९९९ चा तो एका धावेचा पराभव आजच्या नियमात पहिला सामना हरण्याएवढाच ठरला असता.

अव्वल असणं आणि जिंकणं यांचं नातं किती सैल आहे ते बघा. १९९९ चा मायामी संघ स्पर्धेचा अग्रमानांकित होता. त्यानंतर अग्रमानांकित संघाने विजेतेपद मिळवायला थेट २०२४ उजाडलं, तेव्हा टेनेसीने ते केलं. मध्ये २००२ मध्ये फ्लोरिडा स्टेट स्वतः अग्रमानांकित होतं आणि नोत्र दामने त्यांना त्यांच्याच मैदानावर येऊन सुपर रीजनलमध्ये, म्हणजे ओमाहाआधीच्या शेवटच्या फेरीत, हरवलं. २००८ तर चाहत्यांच्या जिव्हारी लागलेलं वर्ष. संघात बस्टर पोझी, .४६३ च्या सरासरीने, म्हणजे शंभरात साधारण ४६ वेळा, यशस्वी फटका मारणारा, देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. ओमाहात पहिल्या सामन्यात स्टॅनफर्डने १६-५, दुसऱ्यात मायामीने ७-५, आणि सामान बांधून परत. त्या वर्षी जिंकलं कोण, तर पहिल्या फेरीच्या आपल्या चार संघांच्या गटात, म्हणजे रीजनलमध्ये, चौथं मानांकन मिळालेलं फ्रेस्नो स्टेट.

आता भक्कम मुद्दा. ओमाहाच्या सतरा खेपा वर्षांनुसार मांडा. १९८० ते २००० या एकवीस हंगामांत बारा. २००१ ते २०१९ या एकोणीस हंगामांत पाच: २००८, २०१०, २०१२, २०१७, २०१९. दोन हजारनंतर सलग सात हंगामांचा दुष्काळ. टीका करायचीच तर ती इथे करायला हवी, कारण इथे नशिबाचा आधार तोकडा पडतो. ओमाहात हरणं दोन-चार सामन्यांचा खेळ असतो, पण एकोणीस वर्षं तिथे पोचायचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं तर ते संघाबद्दल काही सांगतं.

मार्टिनांच्या बाजूने उत्तर आहे, तेही पोकळ नाही. १९९९ पासून स्पर्धा ६४ संघांची झाली आणि रीजनलनंतर सुपर रीजनलची जादा पायरी आली. पूर्वी एक टप्पा ओलांडला की ओमाहा, आता दोन. शिवाय दक्षिणेतल्या एसईसी या गटातल्या विद्यापीठांनी बेसबॉलमध्ये पैसा ओतायला सुरुवात केली. नवी स्टेडियम, सरावाच्या बंदिस्त जागा, असिस्टंट कोचना घसघशीत पगार. फ्लोरिडा स्टेटसाठी स्पर्धकच बदलले. पण त्याच काळात दोन-अडीच तासांच्या अंतरावरचं फ्लोरिडा विद्यापीठ वरचेवर ओमाहाला जात होतं, २०१७ मध्ये जिंकलंही. २०१५ आणि २०१६, दोन्ही वर्षी त्यांनीच मार्टिनांना सुपर रीजनलमध्ये बाहेर काढलं. शेजाऱ्याला जमतं आणि आपल्याला नाही, हे चाहत्याला सर्वांत जास्त खुपतं. मलाही खुपायचं.

खेळाच्या पद्धतीवरची तक्रार तुम्ही ऐकली असेल: मार्टिनांचे बॅटर वॉकची वाट बघत उभे राहतात. वॉक म्हणजे पिचरने चार वाईट चेंडू टाकले की बॅटरला फुकटात मिळणारा पहिला बेस. हंगामभर मध्यम पिचरविरुद्ध हे धोरण सोन्यासारखं चालतं. ओमाहाला पोचलेले पिचर मात्र फुकट काही देत नाहीत. मला या तक्रारीत तथ्य वाटतं, पण ती ज्या तावातावाने केली जाते तेवढं नाही. हंगामभर धावा याच संयमातून येत होत्या, आणि त्यातूनच दरवर्षीचे चाळीस विजय.

कोच म्हणजे फक्त डगआउटमध्ये बसून इशारे करणारा माणूस, हा समजही भाच्याच्या डोक्यातून काढा. अनेक वर्षं कॉलेज खेळांच्या सर्वोच्च, म्हणजे पहिल्या विभागातल्या बेसबॉल संघाला एकूण ११.७ शिष्यवृत्त्याच देता यायच्या. त्या सत्तावीस जणांत वाटायच्या, प्रत्येकाला किमान पाव. म्हणजे कोचने दर उन्हाळ्यात बसून कोणाला अर्धी, कोणाला पाव, असा जमाखर्च मांडायचा. त्यात शाळेतला हिरा तुम्ही हेरून ठेवावा आणि व्यावसायिक संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांत, पैसे दाखवून त्याला उचलून न्यावं. पोझीलाही शाळेतून निघताना पन्नासाव्या फेरीत उचललं होतं, तो गेला नाही. टॅलाहासीला आला तो शॉर्टस्टॉप, म्हणजे आतल्या वर्तुळातला क्षेत्ररक्षक म्हणून. मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला दुसऱ्या वर्षी कॅचर, म्हणजे बेसबॉलचा यष्टिरक्षक, केलं. पुढे सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या व्यावसायिक संघासाठी त्याने तीन वर्ल्ड सिरीज जिंकल्या, त्या याच जागेवरून. मी कोचला याचे गुण देतो. विजेतेपदच मोजणारे चाहते देत नाहीत, कारण तो चषक दुसऱ्या गावच्या कपाटात आहे.

बाकी स्टेडियममध्ये वातावरण कसं असायचं विचाराल, तर वाद आणि प्रेम एकाच बाकावर. 'ॲनिमल्स ऑफ सेक्शन बी' नावाची मंडळी पाचव्या इनिंगमध्ये उभी राहून चक्क कॅनडाचं राष्ट्रगीत म्हणतात. भाच्याला एकदा तरी त्यांच्यात बसायला सांगा. हीच माणसं पिचर बदलायला उशीर झाला की मार्टिनांच्या नावाने शंख करायची, आणि परगावच्या कोणी त्यांना नाव ठेवलं की अंगावर जायची. त्यांच्या जर्सीचा क्रमांक ११, म्हणून सगळे त्यांना 'इलेव्हन' म्हणायचे. टीकाकारसुद्धा.

२०१९ चा शेवटचा हंगाम तर या वादाचा नमुना. संघ धडपडत होता, 'म्हातारबुवांनी आधीच थांबायला हवं होतं' हे उघड बोललं जात होतं. ३६ विजयांवर राष्ट्रीय स्पर्धेत कसाबसा शेवटच्या काही संघांत शिरकाव झाला. मग जॉर्जिया विद्यापीठाच्या गावी, अथेन्सला जाऊन तिथलं रीजनल मारलं, बॅटन रूजला जाऊन लुइझियाना स्टेटला (एलएसयू) सुपर रीजनलमध्ये हरवलं, चाळिसावा विजय तिथेच आला. ओमाहात आर्कन्सासवर १-०, नंतर मिशिगन आणि टेक्सस टेककडून हार. दोन्ही बाजूंना आपापला पुरावा मिळाला, वाद जिथल्या तिथे.

मार्टिन निवृत्त झाल्यावर गादी मुलाकडे गेली. माइक मार्टिन ज्युनिअर अनेक वर्षं वडिलांचे असिस्टंट होते. २०२० चा हंगाम महामारीने मार्चमध्येच कापला, पुढची दोन्ही वर्षं रीजनलमध्येच संपली आणि २०२२ मध्ये त्यांना काढलं. माझ्या मते तीन हंगाम, त्यातला एक अर्धामुर्धा, हे फार कमी होतं. त्यांच्या जागी आलेले लिंक जॅरेट हे मार्टिनांच्याच संघात नव्वदच्या दशकात शॉर्टस्टॉप खेळलेले, नुकतंच नोत्र दामला ओमाहाला नेऊन आलेले. पहिल्याच वर्षी, २०२३ मध्ये, २३ विजय आणि ३१ पराभव. १९७७ नंतर पहिल्यांदाच संघ राष्ट्रीय स्पर्धेबाहेर. 'चाळीस विजयांचं काय कौतुक' म्हणणारे बरेच जण त्या वसंतात गप्प झाले. मार्टिन फेब्रुवारी २०२४ मध्ये वारले, आणि त्याच जूनमध्ये जॅरेटचा संघ ओमाहात होता. पहिल्याच सामन्यात टेनेसीविरुद्ध शेवटच्या इनिंगमध्ये आघाडी घालवून १२-११ असा हरला, पुढे दोन सामने जिंकून पुन्हा टेनेसीकडूनच बाद झाला.

विजेतेपदं असली की चाहते सुखात असतात, असंही समजू नका. गारिडोंकडे पाच होती, त्यातली दोन टेक्ससची, २००२ आणि २००५ ची. तरी २०१६ च्या २५ विजय, ३२ पराभवांच्या हंगामानंतर त्यांना पायउतार व्हावंच लागलं, आणि त्याआधी काही वर्षं टेक्ससच्या गावी, ऑस्टिनमध्ये हीच भांडणं चालू होती.

तेव्हा मार्टिन थोर होते का? होते, माझ्या मते नक्की. पण भाच्याला रूममेटांशी वाद जिंकायचा असेल आणि तो मार्टिनांच्या विरुद्ध बाजूने बसला असेल, तर सतरा खेपांचं शून्य विसरून जायला सांगा. २००१ ते २०१९ काढा म्हणावं. तिथे त्यांचा बचाव करताना मलाही घाम फुटतो.