तीन जुन्या शिक्षा आणि किमान 15 वर्षं

ताई, तुम्ही न्यू जर्सीतून लिहिलंय. मुलाच्या गाडीत पिस्तूल सापडलं, केस फेडरल (केंद्र सरकारच्या) कोर्टात गेली आणि सरकारी वकील जुन्या तीन शिक्षांवर बोट ठेवून किमान 15 वर्षं मागतोय. एक शिक्षा मारहाणीची, दोन एकाच रात्री एकाच पार्किंगमधल्या दोन गाड्या फोडल्याच्या. "गाड्या फोडताना त्यानं कुणाला बोटही लावलं नाही, हे जजसाहेबांना पत्रानं कळवू का?" असं विचारता.

आत्ता नको. तुमचं म्हणणं खरं असेलही, पण या टप्प्यावर तो प्रश्नच नसतो.

सरकारी वकील ज्याच्या जोरावर ही 15 वर्षं मागतोय, त्या 1984 च्या आर्म्ड करिअर क्रिमिनल अ‍ॅक्टला तीन हिंसक किंवा गंभीर ड्रग्जचे गुन्हे लागतात, तेही वेगवेगळ्या प्रसंगी केलेले. गुन्हा हिंसक होता का, हे ठरवताना कोर्ट त्या रात्री काय घडलं ते बघत नाही, कलमाचे शब्द बघतं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या 1990 च्या टेलर निकालापासून हीच रीत आहे. बळ न वापरताही त्या कलमाखाली दोषी ठरता येत असेल, तर गुन्हा मोजणीतून बाद. मग आरोपीनं प्रत्यक्षात कुणाचा जबडा का फोडला असेना! विचित्र आहे खरं, पण इथे ते तुमच्या पथ्यावर पडतंय.

गाड्या फोडणं न्यू जर्सीत घरफोडीत धरतात, आणि हिंसक गुन्ह्यांत घरफोडीचं नाव या कायद्यात थेट आहे. मात्र टेलरनुसार घरफोडी म्हणजे इमारतीत किंवा बांधकामात शिरणं. न्यू जर्सीच्या व्याख्येत मोटार, जहाज, विमानसुद्धा बसतं. आयोवा राज्याचं असंच ऐसपैस कलम 2016 मध्ये मॅथिस खटल्यात या मोजणीतून बाद ठरलं. शिवाय वुडन खटल्यात (2022) एका संध्याकाळी फोडलेले दहा गाळे हा एकच प्रसंग धरला गेला. प्रसंग किती, हे 2024 च्या अर्लिंगर निकालानंतर जज नाही, ज्युरी ठरवते. वकिलांना हे दोन्ही मुद्दे घ्यायला सांगा.

मारहाणीचं मात्र कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. हत्यारानं जाणूनबुजून केलेली जखम एका पोटकलमात येते, बेपर्वाईनं झालेली दुसऱ्यात. आणि नुसती बेपर्वाई 2021 च्या बॉर्डन निकालानंतर हिंसक गुन्ह्यात मोजली जात नाही. म्हणून काउंटीच्या सुपीरियर कोर्टातून आरोपपत्र, प्ली फॉर्म (गुन्हा कबूल करतानाचा अर्ज), कबुलीच्या दिवसाचं ट्रान्सक्रिप्ट आणि जजमेंट ऑफ कन्व्हिक्शन (दोषी ठरवल्याचा लेखी निकाल) काढा. पोलीस रिपोर्टच्या मागे लागू नका, या कामी तो धरत नाहीत.

तीनपैकी एक जरी गळलं तरी किमान 15 वर्षांची सक्ती उरत नाही. पिस्तुलाचा गुन्हा राहतोच, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर त्याची कमाल शिक्षाही 15 वर्षंच आहे. पण त्या मर्यादेत किती द्यायची, हे जजच्या हातात येतं. तेव्हा तुमचं पत्र कामाला येईल. ते लिहून वकिलांकडे देऊन ठेवा. आणि मुलाशी जेलच्या फोनवर यातलं काहीही बोलू नका, ते कॉल रेकॉर्ड होतात.