शत्रूची इतकी विमानं पाडली, हा युद्धातला दावा खरा की खोटा हे कसं ओळखायचं?

पाडणाऱ्याचा आकडा बाजूला ठेवा आणि ज्याची विमानं पडली त्याची वही उघडा. स्वतःच्या नुकसानाची अंतर्गत नोंद सहसा खोटी नसते, कारण त्यावरच नवी विमानं आणि वैमानिक मागवायचे असतात.

१५ सप्टेंबर १९४०चंच घ्या. त्या दिवशी १८५ जर्मन विमानं पाडल्याचं ब्रिटनने जाहीर केलं. युद्धानंतर जर्मन हवाई दलाच्या नोंदी हाती आल्या, तेव्हा आकडा साठच्या आसपास निघाला. या नोंदींत विमानाचा अनुक्रमांक असे आणि नुकसान टक्क्यांत. साठ टक्के किंवा जास्त म्हणजे विमान बाद. प्रचारासाठी एवढी किचकट वही कोण लिहील?

पण तिप्पट आकडा म्हणजे निव्वळ थाप, असंही नाही. त्याच दिवशी लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर डॉर्नियर जातीचं एक जर्मन बॉम्बर विमान कोसळलं. त्यावर अनेक लढाऊ विमानांनी गोळ्या झाडल्या होत्या. प्रत्येकाने 'मी पाडलं' म्हटलं की एकाची चार होतात. शिवाय धूर सोडत ढगात शिरलेलं विमान पुष्कळदा घरी पोचतं.

जमिनीवरचे सांगाडे मोजता येतात, समुद्रात पडलेल्यांचं अवघड. म्हणून सांगाड्यावरचा अनुक्रमांक आणि पकडलेल्या वैमानिकांची नावं शत्रूच्या यादीशी जुळवायची. युद्ध चालू असताना ती यादी मिळत नाही, त्यामुळे तोवर दोन्ही बाजूंचे आकडे फक्त 'दावा' म्हणूनच वाचा.