भेटवस्तू शहरातून घ्याव्यात की विमानतळावरून?

प्रश्न : परदेशप्रवासाचा शेवटचा दिवस नेहमी धावपळीत जातो आणि घरच्यांसाठीची खरेदी राहून जाते. ती विमानतळावर उरकली तर चालेल का? तेथे ‘ड्युटी फ्री’ असल्याने वस्तू स्वस्तच मिळतात, असे काही जण सांगतात.

उत्तर : एखाद्या ठिकाणची आठवण म्हणून जी वस्तू आणायची, ती त्या ठिकाणीच घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. विमानतळावरील दुकानदाराला बहुतेक ठिकाणी विक्रीतील ठरावीक हिस्सा विमानतळाला द्यावा लागतो आणि तो अखेर वस्तूच्या किमतीत चढतो. ‘ड्युटी फ्री’चा फायदा खरा, पण तो मद्य, तंबाखू, अत्तरे अशा भरमसाट कर असलेल्या मालापुरता, किल्लीच्या साखळीवर मुळात कर असतोच कितीसा? शिवाय ही सवलत विकणाऱ्या देशाच्या करांची असते, त्यामुळे ठरलेल्या मर्यादेपलीकडे माल आणल्यास मायदेशी उतरल्यावर सीमाशुल्क भरावेच लागते.

पैशांपेक्षाही निवडीचा प्रश्न आम्हाला मोठा वाटतो. विमानतळावर प्रामुख्याने झटपट विकला जाणारा, साच्यातून काढलेला माल असतो. शहरात, तेही पर्यटकांच्या गर्दीपासून जरा दूर, कारागिराच्या दुकानात लाकडी डबी हातात घेऊन तिचे झाकण नीट बसते का ते पाहता येते, ती कोणी घडवली हे विचारता येते, आणि ज्याच्यासाठी ती घ्यायची त्याचा विचार करायला सवडही मिळते.

शहरातील खरेदीत दोन गोष्टींची काळजी घ्यावी. हलवल्यावर बर्फ पडल्यासारखा दिसणारा, पाणी भरलेला काचेचा गोळा अनेक जण हौसेने घेतात. पण सुरक्षा तपासणीत तो द्रवपदार्थ ठरतो आणि १०० मिलिलिटरची मर्यादा ओलांडत असल्यास बहुतेक ठिकाणी हातातल्या बॅगेतून नेऊ देत नाहीत. तो कपड्यांत गुंडाळून चेक-इनच्या सामानात ठेवावा. दुसरे म्हणजे, पर्यटकांना विक्रीकर परत देणाऱ्या देशांत दुकानातूनच त्याचा अर्ज भरून घ्यावा आणि सीमाशुल्क अधिकारी वस्तू पाहायला मागू शकतात, म्हणून सामान विमान कंपनीच्या ताब्यात देण्यापूर्वी त्या अर्जावर त्यांचा शिक्का घ्यावा.

अत्तराची मोठी बाटली मात्र तपासणीनंतरच्या दुकानातून खुशाल घ्या. वाटेत विमान बदलायचे असल्यास दुकानदाराने मोहोरबंद केलेली पिशवी पावतीसह शेवटच्या मुक्कामापर्यंत उघडू नका.