आधी पडला, की आधी रक्तस्राव झाला?

प्रश्न : मुलगी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. भांडणात ढकलल्यावर पडून मरण पावलेल्या एका माणसाच्या मेंदूत जुना आजार निघाला, ही केस वर्गात ऐकल्यापासून न्यायवैद्यकशास्त्रातच एमडी करायचं म्हणते. जन्मभर शवागारात राहायचं का तिने? – एक आई, सांगली

ताई, शवागार हे निम्मंच काम. उरलेलं अहवाल लिहिण्याचं आणि कोर्टात उभं राहण्याचं, आणि दमछाक तिथेच होते.

लेकीला भुरळ पडली ती केस खरोखर अवघड आहे. मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक वर्तुळ असतं. काहींच्या तिथल्या धमनीला लहानसा फुगा आलेला असतो, त्यांना त्याचा पत्ताही नसतो. तो फुटला की मेंदूभोवती रक्त पसरतं. मग माणूस फुगा फुटल्यामुळे पडला, की पडल्यामुळे रक्त आलं? डॉक्टर ताजं रक्त पाण्याने हलकेच धुऊन फुगा शोधतात; फॉर्मलिनमध्ये (अवयव टिकवणाऱ्या रसायनात) रक्त घट्ट झालं की तो हाती लागणं कठीण. नंतर मेंदू दोन-तीन आठवडे फॉर्मलिनमध्ये ठेवून कापतात. (घाई असणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.) इजेची जागाही बोलते. डोक्याच्या मागच्या बाजूवर आपटलेल्याच्या मेंदूला मार बहुधा पुढच्या भागात सापडतो, उच्च रक्तदाबामुळे झालेला रक्तस्राव सहसा आत खोलवर.

बरं, फुगा सापडला म्हणून ढकलणारा सुटला, असंही नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 100 च्या पहिल्या स्पष्टीकरणानुसार, आजारी माणसाला इजा करून त्याचा मृत्यू लवकर ओढवला, तरी तो त्या इजेनेच घडवला असं धरतात. हेतू काय होता, हे न्यायाधीश बघतील. डॉक्टरने आजार आणि मार दोन्ही नोंदवायचे, आणि पुराव्यावरून ठरत नसेल तर तसं सरळ लिहायचं. पोलीस आणि नातेवाईक समोर उभे असताना हे लिहायला धीर लागतो.

बाकी हिशोब सोपा. एमबीबीएसनंतर नीट-पीजी, मग तीन वर्षं एमडी. नोकऱ्या मुख्यतः मेडिकल कॉलेजांत. स्वतःचा दवाखाना थाटायचं स्वप्न असेल, तर ही शाखा नको.

निर्णयाआधी एक करा. जिल्हा न्यायालयात खुनाच्या खटल्यात डॉक्टरांची उलटतपासणी असेल, त्या दिवशी तिला मागच्या बाकावर बसवून आणा. "मार लागला नसता तर हा माणूस जगला असता का, हो की नाही तेवढं सांगा," असं वकील दरडावतील. घरी येताना तिला विचारा, तू काय सांगितलं असतंस?